कानसेनांनी निवडलेला सायलेन्सर

मी एक जुना सायलेन्सर आहे. जुना म्हणालो खरा, पण मित्रांनो, वयाने मी जेमतेम चार वर्षांचा आहे. त्यातली एक संध्याकाळ आणि एक सकाळ मी गाडीखाली काम केलं आणि बाकीचा सगळा काळ या वर्कशॉपच्या भिंतीला पाठ टेकून काढला. त्या एका सकाळीने मला जुनं करून टाकलं. आता अंगावर गंज चढलाय, पोटात कोळ्याने बिऱ्हाड केलंय, आणि येणारी-जाणारी माणसं माझ्यावर ठेचकाळायला नको म्हणून पाय जरा उचलून टाकतात. इतकंच काय ते माझं अस्तित्व. तरी माझी हकीगत तुम्हाला सांगायची आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सायलेन्सर तुम्ही पाहिला असेल. गाडीच्या पोटाखाली लटकणारा पत्र्याचा लांबट डबा आणि त्याला मागे शेपटीसारखी नळी. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर आणि धडधडाट नळीतून आमच्याकडे येतो. धूर गाडीच्या मागे नेऊन सोडायचा आणि धडधडाट पोटात जिरवायचा, एवढंच आमचं काम. गाडीचं कौतुक करताना लोक रंग बघतात, चाकं बघतात, दिवे बघतात. आमच्यासाठी कुणी वाकत नाही.

ज्या गाडीसाठी माझा जन्म झाला ती साधीसुधी नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीची, दोनच दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरांची दांडगी मोटार. तिच्या इंजिनाने ठरवलं असतं तर एखादा ट्रकही ओढून नेला असता. मालक दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा हा शांत माणूस लहानपणापासून त्या गाडीच्या नादी लागला होता. मासिकातलं तिचं चित्र कापून त्यांनी म्हणे वहीत चिकटवलं होतं आणि त्यासाठी वडिलांचा मार खाल्ला होता. पुढे बरीच वर्षं शोध घेऊन त्यांना ती एका गोदामात मिळाली, तीही खिळखिळी झालेली. दोन वर्षं तिची डागडुजी चालली. इंजिन झालं, रंग झाला, आतल्या गाद्या झाल्या. गाद्या करणाऱ्याने खाली नवा गालिचाही अंथरला. मागच्या सीटखाली तळाच्या पत्र्याला गंजून रुपयाएवढं भोक पडलेलं त्याला दिसलं होतं. गालिचा बसला की ते झाकलं जाणार होतं. मालकांनी विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही.

सगळ्यात शेवटी गाडी आली ती सायलेन्सरसाठी आमच्या मिस्त्रींकडे.

मिस्त्रींना गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे कानसेन म्हणत. गाणं ऐकणाऱ्याला म्हणतात तसंच, पण हे ऐकायचे इंजिन. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आत बसल्या बसल्या सांगायचे, दुसरा सिलिंडर मार खातोय, नाहीतर डाव्या नळीचा जोड सुटलाय. चाळीस वर्षं त्यांचा अंदाज चुकला नव्हता. त्यांच्या मुलाला तेलकट हात आवडले नाहीत, तो दूर कुठेतरी कचेरीत नोकरी करतो. सुनेला मात्र हे काम आवडलं. लग्न होऊन आली तेव्हा ती डबा घेऊन वर्कशॉपमध्ये यायची. मग डबा ठेवून जरा थांबायला लागली, मग पाना हातात द्यायला लागली, आणि दहा वर्षांत तिच्यासारखं वेल्डिंग गल्लीत दुसरं कुणी करत नव्हतं. सासरे तिला सूनबाई म्हणत आणि ती त्यांना बाबा. कामात ती दोघं फारसं बोलत नसत, आणि ते चांगलंच होतं, कारण मिस्त्रींना ऐकू येईनासं झालं होतं.

हे गुपित होतं, मित्रांनो. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारल्यावर कान किती दिवस टिकणार? आधी बारीक आवाज गेले. घड्याळाची टिकटिक गेली, कुकरची शिट्टी गेली, मग माणसांची वाक्यं अर्धी अर्धी ऐकू यायला लागली. मिस्त्री ताकास तूर लागू देत नसत. समोरच्याच्या ओठांकडे बघायचे, मान हलवायचे, आणि कळलं नाही की "चालेल, चालेल" म्हणून मोकळे व्हायचे. सुनेने ओळखलं होतं. ती नेहमी त्यांच्या समोर येऊन बोलायची, गिऱ्हाइकाचं म्हणणं सहज पुन्हा उच्चारल्यासारखं करून त्यांच्यापर्यंत पोचवायची. आपण ओळखलंय हे तिने त्यांना कधी कळू दिलं नाही. तिला वाटायचं, ही आपली सेवा आहे.

मला मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने घडवलं. पत्रा लाकडी ठोकळ्यावर गोल वळवला, आत एकाआड एक पडदे बसवले, म्हणजे आवाज त्यांच्यावर आपटत आपटत थकावा. शेपटीची नळी चाकांच्या दांड्यावरून उडी मारून मागे जायला हवी, म्हणून ती वाकवायची होती. नुसती वाकवली की नळी चेपते आणि धुराची वाट आवळली जाते. त्यासाठी मिस्त्री नळीत कोरडी वाळू ठासून भरायचे, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायचे, आणि भट्टीवर लाल करून हळूहळू वळवायचे. वाळू बाहेर ओतली तेव्हा आतून मी गुळगुळीत होतो. मिस्त्रींनी नळीतून पलीकडे बघितलं आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातली शाबासकी ती तेवढीच. माझं जुळं भावंडही त्याच दिवशी झालं, कारण त्या गाडीला दोन नळ्या आणि दोन सायलेन्सर लागत होते.

निवडीच्या दिवशी डॉक्टर सहकुटुंब आले. बरोबर त्यांची बायको आणि दहा वर्षांची मुलगी. त्या मुलीचं घरातलं नाव टकळी होतं, आणि ते तिला शोभत होतं. गाडीतून उतरून खुर्चीवर बसेपर्यंत तिने गल्लीतल्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि टायरवाल्याच्या पाटीतली चूक त्याला जाऊन सांगून आली. टायरवाला हसला आणि त्याने ती चूक आजवर तशीच ठेवली आहे.

डॉक्टरांना नुसत्या सरळ नळ्या हव्या होत्या, डबेच नकोत. गाडी आली की चार रस्त्यांवर कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, "गर्जना करा नाहीतर काही करा. माझी अट एकच. मागच्या सीटवर ही काय बोलते ते मला पुढे ऐकू आलं पाहिजे."

डॉक्टरांनी चेष्टा केली की हिचं बोलणं ऐकू न येण्यासाठीच तर सरळ नळ्या हव्यात. सगळे हसले, टकळीसुद्धा. पण बायको अटीवरून हलली नाही. मग मिस्त्रींनी तीन प्रकार गाडीखाली तात्पुरते आवळून दाखवायचं ठरवलं. पहिल्या सरळ नळ्या. त्यांच्या आवाजाने वर्कशॉपच्या खिडक्यांची तावदानं थरथरली आणि बायकोने हात वर केले. दुसरे आवाज शोषणाऱ्या काचेच्या लोकरीने गच्च भरलेले तयार डबे. इंजिन सुरू झालं आणि मागून टकळी कविता म्हणत होती ती शब्दन् शब्द पुढे ऐकू आली. बायकोचा चेहरा उजळला. मिस्त्री मात्र खिडकीशी कान लावून उभे होते आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले की या डब्यांत इंजिन गुदमरतंय, एवढ्या दांडग्या इंजिनाला श्वास घ्यायला जागा पाहिजे, हे बसवले तर वर्षाच्या आत पस्तावाल.

तिसरे आम्ही. आम्हाला जोडलं तेव्हा मिस्त्रींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांच्या कानांना आम्ही अगदी बेताचे, गोड लागलो. पण खरं सांगतो, मित्रांनो, आम्ही मोठ्या आवाजाचे होतो. आमच्या पोटात आवाज थकत नव्हता, नुसता घुमत होता. बायको पुढच्या सीटवरून म्हणाली की हिचं अर्धंच ऐकू येतंय. सुनेने तिचं वाक्य मिस्त्रींच्या समोर येऊन पुन्हा उच्चारलं. ते म्हणाले, "पत्रा नवा आहे, बाई. आठवडाभरात काजळी धरेल, मग आवाज खाली बसेल." लोकर भरलेल्या डब्यांशी आमची तुलना करून बघा, असं सुनेच्या ओठावर आलं होतं. ती बोलली नाही. कानसेनांनी आवाजाबद्दल सांगितलं म्हणजे पुढे बोलणं खुंटलं, असा गल्लीचा रिवाज होता. डॉक्टर तर खूशच झाले. त्यांना थोडी गर्जना मिळाली होती आणि बायकोला आवाज खाली बसेल असा शब्द. निवड झाली.

आम्हाला पक्कं जोडायचं काम सुनेचं. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून तिने एक एक सांधा वेल्ड केला. डबा आणि शेपटीची नळी यांचा सांधा वरच्या बाजूने गाडीच्या तळाला जवळजवळ टेकलेला होता. तिथे हात जातो, पण नजर जात नाही. तिने छोटा आरसा धरून आरशात बघत तो सांधला. माझ्या भावाचा नीट झाला. माझ्यावर आरसा जरासा घसरला आणि वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. तिला ती दिसली नाही. बरोबर त्या फटीच्या वर, बोटभर अंतरावर, गालिच्याखालचं ते भोक होतं.

आता त्या वर्कशॉपची एक पद्धत सांगितली पाहिजे. जोड तपासायला इतर गॅरेजांत साबणाचं पाणी लावतात. कुठे फुगा आला की तिथे गळती. मिस्त्रींना हे चालत नसे. कान नाहीत त्यांनी साबण लावावा, असं ते म्हणायचे. ते नळ्यांची मागची तोंडं ओल्या पोत्याने दाबून धरायला लावत, इंजिन मंद चालू ठेवत, आणि खड्ड्यात उतरून प्रत्येक सांध्याशी कान नेत. कोंडलेला धूर बारीक फटीतूनही सुसकारा टाकतोच. तेवढं एक मिनिट सगळी गल्ली हातातलं काम थांबवायची. टायरवाला हातोडा खाली ठेवायचा, रंगवाला पंप बंद करायचा, आणि लोक येऊन गाडीभोवती उभे राहायचे. गल्लीचा तो अभिमान होता.

त्या संध्याकाळीही सगळे जमले. डॉक्टरांनी आणि टायरवाल्याने पोती दाबून धरली. खड्ड्यात दोघंच, मिस्त्री आणि दिवा धरलेली सून. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि पुढून मागे एकेक सांधा घेत आले. माझ्याशी आले. त्यांचा कान माझ्यापासून चार बोटांवर होता. मी जीव खाऊन सुसकारत होतो. मला बोलता येतं ते एवढंच, मित्रांनो, आणि आयुष्यात एकदाच बोलायची वेळ आली होती.

सुनेने ऐकलं. तिचा दिवा धरलेला हात थांबला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते क्षणभर थांबले, मान हलवली आणि पुढे सरकले. मग खड्ड्यातून हात वर करून त्यांनी अंगठा दाखवला. वरून कुणीतरी म्हणालं, "संपला विषय. कानसेनांनी पास केला." सुनेचं तोंड उघडलेलं होतं. तिने ते मिटलं.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढे कळलं, कारण त्यानंतर ती कितीतरी वेळा माझ्यासमोर बसून स्वतःशीच बोलली आहे. अख्ख्या गल्लीसमोर "बाबा, तुम्हाला ऐकू आलं नाही" असं कसं म्हणायचं? म्हातारा माणूस त्याच खड्ड्यात खचला असता. एका रात्रीचा तर प्रश्न होता. उद्या गाडी परत बोलवू, बाबा जेवायला घरी गेले की गुपचूप टाका मारू, कुणाला कळणारही नाही. तिने खरंच डॉक्टरांना गाठून सांगितलं की नवे जोड तापून सैल होतात, तेव्हा उद्या सकाळी गाडी आठवणीने आणा, त्याआधी लांब नेऊ नका. डॉक्टर हो म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष गाडीच्या आवाजाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. डॉक्टरांच्या मोठ्या बहिणीने नवी गाडी बघायला सगळ्यांना बोलावलं होतं आणि तिचं गाव तीन तासांवर होतं. निघताना डॉक्टरांना सुनेचं बोलणं आठवलं. ते माझ्याजवळ उभे राहूनच वर्कशॉपला फोन लावत होते. आज बाहेरगावी चाललोय, जोड आवळायला परवा आलो तर चालेल ना, असं त्यांनी विचारलं, आणि पलीकडचं उत्तर ऐकून निश्चिंत होऊन गाडीत बसले. सून तेव्हा भाजी आणायला गेली होती. फोन मिस्त्रींनी उचलला होता. कोण बोलतंय हेही त्यांना कळलं नव्हतं. ते म्हणाले होते, "चालेल, चालेल."

गाडी निघाली. पुढे आई-वडील, मागे टकळी. मागच्या काचा उघडायच्या सोयीच्याच नव्हत्या, आणि थंडीमुळे पुढच्याही बंद होत्या, आईने तिच्या बाजूची बोटभर खाली ठेवली होती तेवढीच. मी सुसकारत होतो. माझा धूर भोकातून वर जात होता. धुरातला घातक वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बाकीच्या धुराचा वास येत होता, पण जुन्या गाडीला पेट्रोलचा वास असायचाच, म्हणून कुणी मनावर घेतला नाही.

टकळी माझ्या सगळ्यात जवळ होती. पुढच्यांना तिचं अर्धं ऐकू येत होतं, मला सगळं. पहिला अर्धा तास ती पाट्या वाचत होती. दुकानांच्या, गावांच्या, पुलावरच्या सूचना. मग पाट्या कमी झाल्या. ती म्हणाली की डोकं दुखतंय. आईला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ती ओरडून म्हणाली तेव्हा आईने मागे वळून बघितलं, गाडी लागली असेल म्हणून आडवं व्हायला सांगितलं आणि अंगावर शाल टाकायला लावली. आईचंही डोकं जड झालं होतं. तिला वाटलं, आवाजाने.

आडवी झाल्यावर तिचं तोंड अगदी माझ्यावर आलं. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "आई, पाटी दोन-दोन दिसतेय."

हे फक्त मी ऐकलं. तिच्या आईच्या कानापर्यंत माझा आणि माझ्या भावाचा घरघराट भरलेला होता. ज्या आवाजात आई लेकीचं वाक्य ऐकू शकत नाही, त्या आवाजात लेक गप्प झाली हेही तिला ऐकू येणार नव्हतं. त्यानंतर टकळी बोलली नाही. आईने एकदा मागे पाहिलं, पोर झोपली म्हणून तिला बरंच वाटलं. तास-सव्वा तास गाडी तशीच चालली. मी थांबू शकत नव्हतो. इंजिन देईल ते मला पुढे सोडावंच लागतं, आणि मी ते सोडत राहिलो.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा आई तिला उठवायला गेली. ती उठली नाही. पंपावरच्या माणसाने तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तिला उचलून मोकळ्यावर नेलं. त्याच्यामुळे ती जगली. अकरा दिवस ती इस्पितळात बेशुद्ध होती. बाराव्या दिवशी तिने आईला हाक मारली, पण मधे थांबून, शब्द शोधून. हात थरथरत होते. पाटी समोर धरली तर तिला अक्षरं ओळखू येत होती आणि त्यांचा शब्द होत नव्हता.

गाडी ओढून वर्कशॉपला आणली गेली. बरोबर गाड्या तपासणारा एक अधिकारी होता, आणि डॉक्टर. गल्ली पुन्हा गोळा झाली, यावेळी कुणी न बोलावता. अधिकाऱ्याने साबणाचं पाणी मागितलं. ते तिथे नव्हतंच, सुनेने हात धुवायचा साबण किसून बादलीत कालवून आणला. अधिकाऱ्याने खड्ड्यात उतरून ब्रशने एकेक सांधा भिजवला आणि नळीत हवा सोडली. माझ्या सांध्यावर एक फुगा आला, मोठा झाला, फुटला आणि पुन्हा आला.

मिस्त्री खड्ड्याच्या काठावर वाकून तो फुगा बघत राहिले. मग म्हणाले, "मला ऐकू आलं नाही." चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे कुणासमोर म्हटलं होतं.

सून त्यांच्या मागे उभी होती. ती पुटपुटली, "मला आलं होतं, बाबा."

मिस्त्रींना तेही ऐकू आलं नाही. तिच्या आवाजाची नुसती चाहूल लागून ते वळले आणि काय म्हणालीस म्हणून विचारलं. तिला पुन्हा सांगावं लागलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगावं लागलं. "मला ऐकू आलं होतं. त्या दिवशी. मला ऐकू आलं होतं." हे सगळ्या गल्लीने ऐकलं. डॉक्टरांनीही ऐकलं.

"मग बोलली का नाहीस?" मिस्त्री म्हणाले.

"सगळे वर उभे होते," ती म्हणाली. "तुमचा मान..."

मिस्त्री रागावले नाहीत. खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी तिला विचारलं, "माझ्या मानाचं त्या पोरीने आता काय करायचं?"

डॉक्टर शिव्या देतील, अंगावर धावून येतील, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी फक्त आम्हा दोघा भावांना काढून घ्यायला सांगितलं आणि गाडी बिनआवाजाची, ओढतच परत नेली. पुढे ती विकली म्हणे. चौकशी झाली, वर्कशॉपला सहा महिने कुलूप लागलं, बाकी कुणाला काय भोगावं लागलं ते मला नीट ठाऊक नाही. माझा भाऊ भंगारात गेला. त्याचा सांधा पक्का होता, त्याची काही चूक नव्हती, तरी तोच गेला. मला मिस्त्रींनी जाऊ दिलं नाही. त्यांनी मला इथे आणून ठेवलं, फट पुढे करून.

आता वर्कशॉप सून चालवते. प्रत्येक सांध्याला ती तीनदा साबणाचं पाणी लावते आणि गिऱ्हाइकाला खड्ड्यात उतरवून दाखवते. गाडीतला गालिचा स्वतः उचलून बघते. गल्ली आता कुणासाठी थांबत नाही, टायरवाला दिवसभर ठोकत असतो. मिस्त्री दाराशी खुर्ची टाकून बसतात. ऐकायचं यंत्र त्यांना आणून दिलंय, ते कधी कानात असतं, बऱ्याचदा खिशात. त्यांना आता कुणी कानसेन म्हणत नाही. म्हटलं तर कदाचित ते उठून आत जातील.

मागच्या महिन्यात डॉक्टरांची बायको आली. एकटीच, चालत. सून ब्रश धूत होती, ती तशीच उभी राहिली. पोर कशी आहे हे विचारायचा धीर तिला होईना. बाईनेच सांगितलं. बोलते, पण दमते. वाचायला बसते, चार ओळींवर थांबते. चिडत नाही, याचंच वाईट वाटतं.

मग ती म्हणाली, "मला तुम्हाला एक विचारायचंय. ते लोकर भरलेले डबे बसवले असते, तर ती गप्प झालेली मला कळलं असतं का?"

सुनेने ब्रश खाली ठेवला. ती खोटं बोलू शकली असती, आणि तेही दयेपोटीच. तिच्या बोटांवरून साबणाचं पाणी ठिबकत होतं. शेवटी ती म्हणाली, "हो. कळलं असतं."

बाईने मान हलवली. "घरी सगळे नाही म्हणतात," ती म्हणाली. "चार वर्षं मला कुणी खरं सांगितलेलं नाही." ती थोडा वेळ तिथल्या बाकावर बसली, पाणी प्यायली आणि निघून गेली. दाराशी बसलेल्या मिस्त्रींनी विचारलं, कोण आलं होतं? सुनेने हात पुसले, त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि त्यांच्या ओठ वाचणाऱ्या डोळ्यांकडे बघत सगळं सांगितलं. मधलं काही गाळलं नाही. म्हातारा ऐकता ऐकता रडला. तरी ती सांगत राहिली.

मित्रांनो, एका गंजक्या डब्याने उपदेश करावा आणि तुम्ही तो ऐकावा, अशी माझी पत नाही. गाडीखाली वाकून बघा, सांधे तपासा, झाकलेलं उचलून पाहा, मागे बसलेल्याचा आवाज येतोय ना याची खात्री करा, एवढं तर कराच. पण मला त्याहून मोठी विनंती करायची आहे. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, ज्यांच्यापुढे तुम्ही मान वर करून बोलत नाही, त्यांची चूक तुमच्या कानांनी ऐकलीत तर तिथेच सांगा. चार माणसं उभी असली तरी सांगा, उद्यावर ढकलू नका. माणूस शरमतो, रुसतो, दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नाही, आणि मग तो पुन्हा उठून कामाला लागतो. शरमेतून माणूस उठतो, हे मी या कोपऱ्यातून रोज बघतो आहे. त्या मुलीला मात्र तिचे शब्द अजून कुणी परत आणून देऊ शकलेलं नाही.